काचेच्या टाकीतली कोळंबी आणि मातानोचं तळं

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. विषय आहे पाळीव कोळंबी. हो, पाळीव.

उजनीच्या काठावर कोळंबीचं नाव काढलं की पहिला प्रश्न कालवणाचा येतो. ही कोळंबी कालवणाची नाही. लांबी दोन-अडीच सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढी. रंग लालभडक, पिवळा, निळा. फिश टँकच्या दुकानात ती नगावर मिळते आणि आता तालुक्याच्या गावातली पोरंही घरच्या टाकीत तिची पिल्लं काढायला लागली आहेत. मी धरण, पाणी, मासेमारी यांच्या बातम्या वीस वर्षं करतोय. या छंदाची माहिती घ्यायला बसलो ती एका छोट्या बातमीसाठी. पण धागा चीन, जपान, इंडोनेशिया असा फिरून थेट आपल्या धरणात आला. म्हणून हे लिहितोय.

सुरुवात नावापासून करू. दुकानात जिला चेरी श्रिंप म्हणतात तिचं शास्त्रीय नाव नियोकॅरिडिना डेव्हिडी. यातला डेव्हिड म्हणजे आर्मां दाविद हा फ्रेंच पाद्री. एकोणिसाव्या शतकात तो चीनमध्ये होता. धर्मप्रचारापेक्षा त्याचं नाव झालं ते प्राणी-वनस्पती गोळा करण्यामुळे. मोठा पांडा युरोपला माहीत झाला तो १८६९ मध्ये, याच्यामुळे. दाविद १९०० साली वारला. पॅरिसच्या बूव्हिये नावाच्या शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये या कोळंबीचं वर्णन केलं आणि तिला दाविदचं नाव दिलं. तेव्हा ती लाल नव्हती. चीनच्या ओढ्या-तळ्यांतली साधी मातकट, अर्धपारदर्शक कोळंबी. पाण्यात हात घातला तरी दिसणार नाही अशी.

दाविदचं नाव आणखी एका प्राण्याला आहे, ते इथेच सांगून ठेवतो, पुढे लागेल. १८६५ मध्ये बीजिंगच्या दक्षिणेला बादशहाच्या शिकारखान्याच्या भिंतीवरून त्याने एक वेगळंच हरीण पाहिलं. चिनी लोक त्याला मिलू म्हणत. त्यातली काही हरणं युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत गेली. १९०० च्या सुमारास पूर आणि लढाईत चीनमधली हरणं संपली. उरली ती फक्त युरोपात. इंग्लंडच्या एका ड्यूकने ठिकठिकाणची हरणं आपल्या वोबर्न ॲबीच्या कुरणात एकत्र आणली, त्यांचा कळप वाढला आणि १९८५ मध्ये मिलू परत चीनला गेलं. बंदिवासात जगलं म्हणून वाचलं.

आता कोळंबीकडे. घरातल्या टाकीत ती शिरली ती शोभेसाठी नाही, सफाई कामगार म्हणून. जपानमध्ये निगाता भागात जन्मलेला ताकाशी आमानो हा आधी सायकलपटू, नंतर फोटोग्राफर. १९८० च्या दशकात त्याने टाकीतल्या पाणवनस्पतींची मांडणी एखाद्या निसर्गचित्रासारखी करायला सुरुवात केली. त्याला त्रास होता शेवाळाचा. उपाय त्याला जपानच्या ओढ्यांत सापडला: यामातो नुमा एबी नावाची कोळंबी. दिवसभर शेवाळ खुरडत बसणारी. आमानोच्या टाक्यांचे फोटो आणि पुस्तकं जगभर गेली, त्यांच्याबरोबर ही कोळंबीही गेली. आज दुकानदार तिला आमानो श्रिंप म्हणतो.

पण तिच्यात एक मेख होती. ती टाकीत मजेत जगते, अंडीही धरते, पण पिल्लं जगत नाहीत. कारण ओढ्यात अंडी फुटली की तिची अळी प्रवाहाबरोबर समुद्राकडे वाहत जाते, खाऱ्या-निमखाऱ्या पाण्यात वाढते आणि कोळंबीचा आकार आला की उलटी ओढ्यात चढते. गोड्या पाण्याच्या टाकीत अळी थोड्याच दिवसांत मरते.

आपल्या शेततळ्यांतल्या मोठ्या कोळंबीचं, स्कँपीचं, तसंच आहे. तिचं बीज तळ्यात तयार होत नाही, हॅचरीतून आणावं लागतं. तिच्या अळीला निमखारं पाणी लागतं हे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पेनांगला शाओ-वेन लिंग या शास्त्रज्ञाने शोधलं, तेव्हा कुठे तिची शेती सुरू झाली. आमानो कोळंबीसाठी मात्र घरी एवढा खटाटोप कोण करणार? म्हणून वर्षानुवर्षं जगातल्या दुकानांत गेलेली ही कोळंबी बहुतांशी ओढ्यातून पकडून नेलेली. टाकी सुंदर होत होती, पण ओढ्याच्या जिवावर.

यानंतर गोष्ट पालटली. जपानमध्येच हिसायासू सुझुकी नावाचे पालक होते. त्यांच्याकडे हाँगकाँगकडून आलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कोळंब्या होत्या, ज्यांना बी श्रिंप म्हणतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या टाकीत काळ्यांच्या पिल्लावळीत मोजकी लाल-पांढरी पिल्लं निघाली. निसर्गात असं पिल्लू निघालं तर पहिल्याच दिवशी माशाच्या तोंडी जातं. सुझुकींनी ती वेगळी काढली, लालला लाल लावली, पिढ्यानपिढ्या निवड केली. त्यातून जी उभी राहिली ती क्रिस्टल रेड. पुढे तिच्या चांगल्या नगांना लोकांनी वेड्यासारखे पैसे मोजले.

गंमत बघा, या कोळंबीच्या मूळ जातीला शास्त्रीय नाव मिळालं २०१४ मध्ये. कॅरिडिना लोगेमानी. तेही दोन जर्मन छांदिष्ट भावांच्या नावावरून. म्हणजे वीसेक वर्षं जिची पैदास आणि खरेदी-विक्री जोरात चालू होती, ती नेमकी कोणती जात, हे शास्त्राच्या कागदावर नव्हतंच.

क्रिस्टल रेड नाजूक. तिला थंडावा आणि मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी लागतं. आपल्या बोअरच्या पाण्यात ती टिकणं अवघड. सामान्य माणसाच्या घरात घुसली ती दाविदच्या नावाची चेरी. मातकट कोळंबीतून लाल छटेच्या निवडत निवडत ती लालभडक केली गेली आणि गेल्या वीसेक वर्षांत जगभर पसरली. कारण एकच. हिच्या पिल्लांना समुद्र लागत नाही.

घरी ती कशी वाढते तेही सांगतो, कारण पुढचा मुद्दा त्यावरच उभा आहे. मादी कात टाकते, त्यानंतर जोडी जमते. वीस-तीस अंडी ती पोटाखालच्या पोहायच्या पायांत धरून ठेवते आणि तीन-चार आठवडे त्यांना सतत वारा घालते. अंड्यांतून अळी निघत नाही. थेट दोन मिलिमीटरची, आईसारखीच दिसणारी कोळंबी निघते आणि लगेच चरायला लागते. दोन-तीन महिन्यांत तीच पिल्लं अंड्यांवर येतात. टाकी नवी असेल तर आधी काही आठवडे पाणी मुरू द्यायचं, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तयार होतात. फिल्टर स्पंजचा, नाहीतर पिल्लं ओढली जातात. क्लोरीनचं नळाचं पाणी थेट ओतायचं नाही. तांबं हिच्यासाठी विष, माशांच्या काही औषधांतही ते असतं, म्हणून औषध बघून. कवचासाठी पाण्यात थोडे क्षार हवेत, तिथे आपलं जड पाणी कामाला येतं. दोन रंग एका टाकीत ठेवले तर काही पिढ्यांत पुन्हा मातकट कोळंबी हातात. बाकी थोडं मॉस, थोडं शेवाळ आणि संयम.

म्हणजे दहा नग आणले की पुन्हा ओढ्याकडे हात पसरायला नको. एका पोराच्या टाकीतून दुसऱ्याच्या टाकीत, तिथून तिसऱ्याच्या. हा या छंदाचा भला भाग. आता दुसरा.

इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावर डोंगरात तळ्यांची एक साखळी आहे, मालिली तळी म्हणतात. त्यातलं मातानो सगळ्यात खोल, साधारण ५९० मीटर. ही तळी लाखो वर्षं एकटी पडलेली, त्यामुळे त्यांतले बरेच मासे, गोगलगाई, कोळंब्या जगात दुसरीकडे कुठे नाहीत. २००७ च्या सुमारास तिथल्या रंगीबेरंगी कोळंब्या युरोप-जपानच्या दुकानांत दिसू लागल्या. त्यातली एक गडद लाल अंगावर पांढरे ठिपके आणि पुढचे पाय पांढरेशुभ्र, ते हलवत दगडावर टिपत बसणारी. दुकानात नाव कार्डिनल. २००९ मध्ये क्रिस्टिना फोन रिंटेलेन आणि यीशिओंग काई या शास्त्रज्ञांनी सुलावेसीच्या तळ्यांमधल्या कोळंब्यांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आठ नव्या जाती होत्या. कार्डिनलला नाव मिळालं कॅरिडिना डेनरली, मोहिमेला पैसे देणाऱ्या डेनरले या जर्मन ॲक्वेरियम कंपनीवरून.

पहिली काही वर्षं पकडून नेलेल्या कोळंब्या ढिगाने मेल्या. लोक त्यांना चेरीसारख्याच ठेवत होते. मातानोचं पाणी कोमट आहे आणि अल्कधर्मी. मग काही चिवट पालकांनी तळ्याच्या पाण्याची मापं शोधली, टाकीचं तापमान २७-२८ अंशांवर नेलं, पीएच आठच्या आसपास आणला, काळे दगड रचले. या कोळंबीलाही समुद्र लागत नाही. पिल्लं निघाली. मादी अंडी धरते ती मोजकीच, वाढही हळू, पण निघाली.

इकडे टाकीत पिल्लं निघत होती, तिकडे तळ्यात वेगळंच सुरू झालं होतं.

फ्लॉवरहॉर्न मासा तुम्ही पाहिलेला आहे. डोक्यावर टेंगूळ, अंगावर गुलाबी-लाल झाक. आपल्याकडे हॉटेलच्या, दुकानाच्या गल्ल्याजवळ असतो, घरात बरकत येते म्हणतात. हा मासा निसर्गातला नाही. अमेरिका खंडातल्या माशांचे संकर करून १९९० च्या दशकात मलेशियाकडे तो तयार झाला, तोही टाकीसाठी, नशिबासाठी. तो मातानोत पोचला. कोणीतरी सोडला असणार, स्वतः डोंगर चढून तो येत नाही. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी तळ्यातल्या त्याच्या वावराची नोंद प्रसिद्ध केली. फ्लॉवरहॉर्न गोगलगाय खातो, मासा खातो, कोळंबी खातो. लाखो वर्षं असा शत्रू न पाहिलेल्या कोळंबीला दडणंही माहीत नव्हतं. त्यात काठावर सोरोवाकोची निकेलची मोठी खाण. त्यात आधी छंदासाठी झालेली पकड. नंतरच्या पाहण्यांत मातानोत कार्डिनल सापडेनाशी झाली. जागतिक रेड लिस्टमध्ये आज ती अतिसंकटग्रस्त आहे.

म्हणजे काय झालं ते नीट पाहा. एका छंदाच्या टाकीत तयार झालेला मासा तळ्यात गेला आणि कोळंबी संपत आली. दुसऱ्या छंदाच्या टाकीत गेलेली कोळंबी मात्र जर्मनीत, जपानमध्ये, कुणाच्या दिवाणखान्यात अजून अंडी धरतेय. काच तीच, दिवा तोच, फिल्टर तोच.

छंदवाले म्हणतात, बघा, आम्ही जात वाचवली. अर्धं खरं आहे. दाविदचं हरीण असंच वाचलं. पण हरीण परत जाऊ शकलं कारण परत जायला जागा केली गेली. कार्डिनलची जागा फ्लॉवरहॉर्नने भरलेली आहे. ५९० मीटर खोल तळ्यातून मासा वेचून काढता येत नाही. आज हजार कोळंब्या नेऊन सोडल्या तर त्या माशाचा नाश्ता होईल. शिवाय टाकीतल्या कोळंब्या मोजक्या पूर्वजांच्या, पिढ्यानपिढ्या आपापसांत वाढलेल्या, आपल्या आवडीने निवडलेल्या. टाकी म्हणजे बँकेतला लॉकर. दागिना सुरक्षित राहतो, पण तो लॉकरमध्ये घालून मिरवता येत नाही.

आणि ही एकट्या कार्डिनलची गोष्ट नाही. २०१५ मध्ये जगातल्या गोड्या पाण्यातल्या ७६३ कोळंबी-जातींचा आढावा घेतला गेला. दोन नामशेष, दहा बहुधा नामशेष, आणि जवळपास एक तृतीयांश जाती धोक्यात किंवा धोक्याच्या उंबरठ्यावर. कारणांत शेती-शहरांचं प्रदूषण आहे, खाणी आहेत, आणि बाहेरून सोडलेले जीवही आहेत.

यात चेरीही निष्पाप नाही. जिला समुद्र लागत नाही ती कुठेही संसार थाटते. हवाईच्या ओआहू बेटावरच्या ओढ्यांत ती १९९० च्या दशकातच सापडली. जर्मनीच्या थंडीत ती मरायला हवी, पण गिलबाख नावाच्या ओढ्यात वीजकेंद्राचं कोमट पाणी येतं, तिथे ती मजेत वाढली. तीही कोणीतरी टाकीतूनच सोडलेली.

आता आपल्या दारात या.

उजनीच्या काठावर चिलापी कोणाला सांगायला नको. बाहेरून आलेला मासा, आज जाळ्यात तोच जास्त, आणि काठच्या हजारो घरांची चूल त्याच्यावर पेटते. त्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही. पण जुने मच्छीमार भेटतात तेव्हा आहेर, वाम, मरळ यांची आठवण काढतात, ती उगाच नाही. चिलापी निदान खाता येते. सकरमाऊथचं काय? दुकानात तो 'टँक क्लीनर' म्हणून मिळतो, बोटभर असतो. वाढत वाढत फूटभर होतो, टाकीत मावत नाही, मग कोणीतरी पिशवीत घालून धरणावर आणतो. अंगावर चिलखतासारखे खवले, काटे असे की जाळं फाटतं. बाजारात कोणी विचारत नाही. भीमेच्या पट्ट्यात हा मासा जाळ्यात यायला लागला आहे. तो कोणी पेरला? खाणवाल्यांनी नाही, कारखान्यांनी नाही. तुमच्या-माझ्यासारख्या घरातून तो आला. मारायला जीव होत नाही, 'जाऊ दे बिचारा, धरणात जगेल' म्हणून. भूतदयाच आहे ती. पण ज्याला सोडलं त्याच्यावर दया झाली, ज्यांच्यात सोडलं त्यांचं काय?

आपल्या ओढ्यांत, तळ्यांत पाणगवताला चिकटलेले बारीक पारदर्शक झिंगे पोरांनी फडक्यात धरलेले तुम्हाला आठवत असतील. त्यांतही याच कॅरिडिना गणातल्या जाती आहेत, कार्डिनलचे गरीब भाऊबंद. त्यांची कोणी टाकी भरत नाही, नगावर कोणी विकत नाही. ते गेले तर कुठल्या जर्मन दिवाणखान्यात शिल्लक राहणार नाहीत. आपल्याला कळणारही नाही.

म्हणून कोळंबी पाळणाऱ्या पोरांना माझं सांगणं आहे. छंद सोडू नका. मोबाइलपेक्षा शंभर पटीने बरा आहे. पाणी म्हणजे काय, ते कसं बिघडतं आणि कसं सावरतं, हे टाकी शिकवते तसं पुस्तक शिकवत नाही. फक्त दोन प्रश्न विचारा. हा जीव जन्मला कुठे? आणि माझं मन भरल्यावर जाणार कुठे?

पहिल्याचं उत्तर 'टाकीत वाढवलेला' असेल तर घ्या, ओढ्यातून पकडलेला असेल तर राहू द्या. दुसऱ्याचं उत्तर धरण, ओढा, विहीर, शेततळं यांपैकी काहीही असता कामा नये. दुकानदाराला परत द्या, मित्राला द्या. टाकीचं पाणी बदलताना ते झाडांच्या कुंडीत किंवा बागेतल्या मातीत ओता, गटारात किंवा ओढ्यात नको. दोन मिलिमीटरचं पिल्लू आणि गोगलगाईची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. टाकीतली जास्तीची वनस्पतीही उन्हात वाळवून मग टाका.

दुकानदारांनाही विनंती. मोठा झालेला सकरमाऊथ, फ्लॉवरहॉर्न गिऱ्हाईक परत घेऊन आलं तर नाही म्हणू नका. पैसे देऊ नका हवं तर, पण मासा ठेवून घ्या. आणि नगरपालिकेच्या, मच्छीमार सोसायट्यांच्या मंडळींनी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक साधा फलक लावावा: 'टाकीतले मासे पाण्यात सोडू नयेत.' खर्च एका फलकाचा. मातानोला आता कितीही खर्च केला तरी पुरणार नाही.

काठच्या मच्छीमार बांधवांनो, तुमच्या जाळ्यात ओळखीचा नसलेला कुठलाही मासा, कोळंबी, शिंपला आला तर फोटो काढून गावाच्या नावासह आणि तारखेसह खाली टाका. मी यादी करतोय. पुरेशा नोंदी जमल्या की ती मत्स्यव्यवसाय विभागाकडे लेखी देणार आहे, आणि तिची बातमीही करणार आहे.